समुद्राच्या पोटातला पारा

समुद्राचे पोट मोठे, असे आपण सहज म्हणून जातो. नदीचे गढूळ पाणी, गावाचा केरकचरा, कारखान्याचे सांडपाणी, सारे काही तो घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निळाच्या निळा दिसतो. पण किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना विचाराल तर ती वेगळेच सांगतील. ती म्हणतील, दर्या कुणाचे काही ठेवून घेत नाही. आज ना उद्या आणून टाकतो. या दोन समजुतींतली खरी कोणती, हे आज आपल्याला पाहायचे आहे. त्यासाठी मी तुम्हाला जपानातल्या एका लहानशा खाडीवर नेणार आहे. पण तिथे जाण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेऊ.

शेणखत आपण शेतात टाकतो, ते कुजते. पाला कुजतो, मेलेले जनावर कुजते, आणि त्याचे पुन्हा मातीत रूपांतर होते. धातूंचे तसे नाही. पारा, शिसे, कॅडमियम हे जड धातू. पाराच घ्या. एक लिटर पाणी एक किलो भरते, तर एक लिटर पारा साडेतेरा किलोहूनही अधिक भरतो. हे धातू कुजत नाहीत, जळून नाहीसे होत नाहीत. फार तर एक रूप टाकून दुसरे घेतात आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी जातात. म्हणून पारा समुद्रात टाकला म्हणजे तो संपला नाही. तो फक्त आपल्या नजरेआड झाला.

आता जपानकडे वळू. त्या देशाच्या दक्षिणेला क्यूशू नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर मिनामाता हे गाव आहे. समोर शिरानुई समुद्र. चहूबाजूंनी बेटांनी वेढलेला, म्हणून एखाद्या तळ्यासारखा शांत. किनाऱ्यावर कोळ्यांच्या वाड्या. सकाळी होडी काढावी, मासे, खेकडे, कालवे आणावीत, आणि जे बाजारात जाणार नाही ते घरी शिजवावे. आपल्या कोकणातल्या कोळीवाड्यासारखेच म्हणा ना!

या गावात चिस्सो नावाच्या कंपनीचा रसायनांचा मोठा कारखाना होता. गावातल्या कितीतरी घरांची चूल त्याच्यावर पेटे. १९३२ पासून तिथे ॲसिटाल्डिहाइड नावाचे रसायन तयार होऊ लागले. दुधाला विरजण लागते, तसा त्या कामाला पारा लागे. पाऱ्याचे क्षार वापरायचे, माल काढायचा आणि उरलेले सांडपाणी नाल्यातून खाडीत सोडायचे. असे वर्षानुवर्षे चालले.

पहिली चाहूल माणसांना नव्हे, मांजरांना लागली. १९५० नंतरच्या काही वर्षांत कोळीवाड्यातली मांजरे विचित्र वागू लागली. ती झोकांड्या खात, गरगर फिरत, अंगाला झटके येऊन कोसळत. काही तर समुद्रात पडून मेली. लोक म्हणू लागले, मांजरे नाचतात. आकाशातून कावळे खाली पडू लागले. खाडीत मासे पोट वर करून तरंगू लागले. मांजरे कमी झाली तेव्हा उंदीर माजले आणि जाळी कुरतडू लागले. गरीब कोळ्यांनी ही सारी लक्षणे पाहिली, पण त्यांना विचारायला कोण आले होते?

मग पाळी माणसांची आली. १९५६ च्या एप्रिल महिन्यात पाच वर्षांच्या एका मुलीला कारखान्याच्याच दवाखान्यात आणले. तिला नीट चालता येईना, बोलता येईना, घास गिळता येईना. थोड्याच दिवसांत तिची धाकटी बहीण तशीच आजारी झाली, आणि शेजारच्या घरांतही असेच रोगी निघाले. दवाखान्याचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी सरकारी आरोग्य केंद्राला कळवले की मेंदू आणि मज्जातंतूंचा एक अज्ञात रोग इथे पसरला आहे. तो दिवस या रोगाच्या इतिहासात पहिला मानला जातो.

या रोगात आधी हातापायांची बोटे आणि ओठ बधिर होतात. सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, चालताना तोल जातो. जीभ जड होते, ऐकू कमी येते. नजर अशी आखडते की जणू नळीतून पाहावे. समोरचे दिसते, बाजूचे दिसत नाही. जबर विषबाधा झालेल्यांना झटके येत, शुद्ध हरपे आणि त्यात मरण येई.

लोकांना वाटले, ही साथ आहे. रोग्यांची घरे औषधे मारून धुतली, रोग्यांना वेगळे ठेवले, शेजाऱ्यांनी येणेजाणे तोडले. साथीच्या भीतीने माणूस माणसाशी कसा वागतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. पण हा स्पर्शाचा रोग नव्हताच. ज्यांच्या घरी खाडीचे मासे शिजत होते, त्यांनाच तो होत होता. १९५७ मध्ये तिथल्या आरोग्य केंद्रात निरोगी मांजरांना खाडीतले मासे खाऊ घातले, तेव्हा तीही तशीच झोकांड्या खाऊ लागली. जुलै १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी जाहीर केले की हे पाऱ्याचे विष आहे, आणि तेही सेंद्रिय पाऱ्याच्या रूपातले. नाल्याच्या तोंडाशी एक टन गाळात सुमारे दोन किलो पारा निघाला.

आता तुम्ही विचाराल, खाडीत एवढे पाणी; त्यात पारा तो कितीसा असणार? प्रश्न रास्त आहे. नुसत्या पाण्यात पारा फार थोडा असतो. तो खाली बसतो, गाळात मुरतो. गाळातले जीवाणू साध्या पाऱ्याचेही मिथिल पाऱ्यात रूपांतर करू शकतात. मिनामाताच्या कारखान्यात तर तो तयार होऊनच बाहेर पडत होता. हा मिथिल पारा पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींत शिरतो. त्या वनस्पती बारीक जीव खातात, त्यांना लहान मासे खातात, लहान माशांना मोठे खातात.

इथे खरी मेख आहे. तुम्ही खवा करताना पाहिलाच असेल. कढईभर दूध चुलीवर आटवत ठेवले की पाणी वाफ होऊन जाते. जे उडून जाऊ शकत नाही ते सारे तळाशी दाट होऊन बसते. मासा जे खातो त्यातले बरेचसे त्याच्या चलनवलनात खर्च होते, बरेचसे बाहेर टाकले जाते. पारा मात्र मांसात चिकटून राहतो. तो मासा दुसऱ्याने खाल्ला की साठलेला सारा पारा त्याच्याकडे जातो. प्रत्येक पायरीला दूध आणखी आटते म्हणा. शेवटच्या मोठ्या माशात पाऱ्याचे प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या दहा लाख पटींपर्यंतही जाऊ शकते. आणि त्या माशाच्या पुढची पायरी कोणती? आपले ताट.

म्हणून, श्रोते हो, नुसते पाणी तपासून समुद्राची प्रकृती कळत नाही. गाळ तपासावा, मासा तपासावा, आणि मासा खाणारा माणूस तपासावा. मिनामाताच्या रोग्यांचे केस तपासले, तेव्हा दहा लाख भागांत ७०५ भाग इतका पारा एका ठिकाणी निघाला. एरवी तो चारदोन भागांच्या आसपास असतो.

मासा दिसायला ताजा असतो. त्याला वास येत नाही, चवीत फरक पडत नाही. मीठ-हळद लावून, चिंचेत मुरवून, उकळून किंवा तळून हे विष जात नाही, कारण ते मांसाशी बांधलेले असते.

यापुढची हकीकत सांगताना मन जड होते. त्या वाड्यांत काही मुले जन्मतःच अपंग निपजू लागली. मान धरत नव्हती, बोलत नव्हती, हातपाय वाकडे. त्यांच्या आया मात्र वरवर बऱ्याच दिसत. त्या काळच्या वैद्यकात समजूत अशी की आईच्या पोटातली वार मुलाला विषापासून राखते. म्हणून ही मुले वेगळ्याच रोगाची आहेत, असे धरले गेले. आयांना ते पटत नव्हते. तान्ह्या जिवाने मासा कधी तोंडात घातला नाही हे खरे. पण आपण खाल्ला ना, असे त्यांचे म्हणणे. शेवटी १९६२ मध्ये वैद्यकाने ते मान्य केले. मिथिल पारा वारेतून पलीकडे जातो. इतकेच नव्हे, बाळाच्या रक्तात तो आईच्या रक्तापेक्षा अधिक साठतो. आई वाचते, कारण तिच्या वाट्याचे विष बाळ घेते.

याचा पुरावाही घराघरांतच निघाला. जपानी माणसे मुलाची नाळ वाळवून लहानशा डबीत आठवण म्हणून जपून ठेवतात. डॉ. मासाझुमी हारादा या वैद्याने अशा नाळा गोळा करून तपासल्या. कोणत्या वर्षी जन्मलेल्या मुलाच्या नाळेत किती पारा होता, ते त्यांतून कळले. कारखान्याचे उत्पादन वाढले त्या वर्षांत नाळेतला पाराही वाढलेला होता. समुद्राने काहीच लपवले नव्हते. त्याने हिशेब चोख ठेवला होता, आणि तो आयांनी जपलेल्या डब्यांत निघाला.

तुम्ही म्हणाल, १९५९ मध्ये कारण कळले, तेव्हा नाला बंद झाला असेल. नाही झाला. आणि आजच्या भाषणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

१९५७ मध्येच प्रांताच्या अधिकाऱ्यांनी केंद्र सरकारला विचारले होते की या खाडीतले मासे विकण्यावर कायद्याने बंदी घालावी काय? उत्तर आले की खाडीतले सगळेच मासे विषारी आहेत असा स्पष्ट पुरावा नाही, सबब बंदी घालता येत नाही. १९५८ मध्ये कंपनीने सांडपाण्याचा मार्ग बदलून ते नदीच्या मुखाकडे सोडले, तर रोग त्या बाजूच्या वस्त्यांतही जाऊन पोचला. १९५९ मध्ये डॉ. होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी एका मांजराला अन्नातून दिले. त्या मांजराचा क्रमांक होता ४००. त्याला तोच रोग झाला. पण ही गोष्ट कंपनीने बाहेर येऊ दिली नाही आणि पुढचे प्रयोग अडवले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र म्हणून एक यंत्र मोठ्या समारंभाने बसवले. ते पारा काढण्यासाठी नव्हतेच. त्याच महिन्यात रोग्यांना थोडी रक्कम देऊन करार लिहून घेतला की पुढे कारखान्याचा दोष सिद्ध झाला तरी आणखी काही मागणार नाही. घरात खायला नाही, धंदा बुडालेला. लोकांनी अंगठे उठवले.

नाला चालूच राहिला. १९६५ मध्ये जपानच्या दुसऱ्या भागात, निइगाता प्रांतात, हाच रोग पुन्हा उद्भवला. तिथे विष समुद्रातून नव्हे, आगानो नावाच्या नदीतून आले, आणि कारखाना नदीच्या मुखापासून साठएक किलोमीटर वर होता. तेव्हा घाटावरच्या श्रोत्यांनी असे समजू नये की हा किनाऱ्यावरच्या लोकांचा प्रश्न आहे. वरच्या गावात सोडलेले खालच्या गावाच्या ताटात येते.

मिनामाताच्या कारखान्यात पारा वापरणारी ती पद्धत मे १९६८ मध्ये बंद झाली. सरकारने कारखान्यावर अधिकृत ठपका ठेवला तो त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. म्हणजे रोग उघडकीस आल्यापासून बारा वर्षे गेली, आणि कारण कळल्यापासून नऊ. या नऊ वर्षांत जी मुले जन्माला आली, जी माणसे आजारी पडली, ती अज्ञानाने नव्हे, तर कळूनही न थांबल्यामुळे. डॉ. होसोकावा यांनी १९७० मध्ये आजाराच्या अंथरुणावरून त्या मांजराची हकीकत न्यायालयापुढे सांगितली. मार्च १९७३ मध्ये न्यायालयाने रोग्यांच्या बाजूने निकाल दिला आणि तो अन्यायाचा करार रद्द ठरवला.

खाडी साफ करायला १९७७ ते १९९० अशी तेरा वर्षे लागली. विषारी गाळ उपसून एका भागात भराव घातला. अठ्ठावन्न हेक्टर जमीन त्यावर तयार झाली. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून खाडीच्या तोंडाशी लावलेले जाळे १९९७ मध्ये निघाले. अधिकृत रोग्यांचीच संख्या दोन हजारांच्या वर गेली. आणखी हजारो लोकांना पुढे निरनिराळ्या योजनांतून मदत मिळाली. कारखान्याने नाल्याच्या बाबतीत जो पैसा वाचवला, त्याच्या कितीतरी पट पैसा नंतर गेला. आणि गेलेली माणसे काही परत आली नाहीत.

पारा एकटा नाही. त्याच जपानात जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतले कॅडमियम भातशेतीत उतरले आणि बायकांची हाडे इतकी ठिसूळ झाली की त्या रोगाचे नावच इताई-इताई, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ असे पडले. शिसे मुलांच्या बुद्धीवर घाला घालते. कालवे आणि तिसऱ्या तर पाणी गाळूनच आपले अन्न मिळवतात. म्हणून पाण्यातले धातू त्यांच्या अंगात लवकर साठतात. ज्या खाडीत सांडपाण्याचा नाला येतो, तिथली कालवे न काढणे बरे.

आपल्याकडे काय आहे? कॉस्टिक सोडा तयार करण्याच्या जुन्या पद्धतीत पारा लागत असे, आणि असे कारखाने आपल्या देशातही होते. उल्हास नदी कर्जतकडच्या डोंगरांतून निघून वसईच्या खाडीला मिळते. तिच्या खाडीच्या गाळात पारा साचल्याचे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. पुढे या कारखान्यांनी पाऱ्याची पद्धत सोडून पडद्याची नवी पद्धत घेतली, ही चांगली गोष्ट झाली. पण गाळात गेलेला पारा गाळातच राहतो, हे आपण पाहिलेच. २०१३ मध्ये पाऱ्याचा वापर आवरण्यासाठी राष्ट्राराष्ट्रांत एक करार झाला. त्याला मिनामाताचेच नाव दिले आहे. भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली.

आता तुमच्या-आमच्या हातात काय आहे, तेवढे सांगतो.

पहिली गोष्ट, हे ऐकून मासे सोडू नका. गरिबाच्या ताटातले ते उत्तम अन्न आहे. पारा साठतो तो मुख्यतः दीर्घायुषी, दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या मोठ्या माशांत. मोठी मुशी, तलवार मासा, मोठा कुपा हे त्यांतले. तारली, मांदेली, बोंबील, बांगडा असे लहान मासे पायरीवर खाली असतात. घरात गरोदर बाई असेल, अंगावर पाजणारी असेल, लहान मूल असेल, तर त्यांच्या ताटात लहान मासे वाढा. मोठी मुशी त्यांना नको. बाळंतिणीला मुशी द्यायची चाल बऱ्याच ठिकाणी आहे. ती चाल मोडायची असे नाही, पण मुशी लहान असावी आणि रोज नसावी.

दुसरी गोष्ट, ताप पाहायची पाऱ्याची काचनळी फुटली तर मुलांना आधी बाहेर काढा, खिडक्या उघडा. केरसुणी लावू नका. थेंबांचे बारीक थेंब होऊन ते पसरतात. हातातल्या सोन्याच्या बांगड्या-अंगठ्या काढून ठेवा, कारण पारा सोन्याला खातो. जाड पुठ्ठ्याने थेंब एकत्र करून झाकणाच्या बाटलीत भरा आणि बाटली दवाखान्यात नेऊन द्या. मोरीत कदापि ओतू नका. मोरीचे पाणी कुठे जाते, हे तुम्हाला आता सांगायला नको.

तिसरी गोष्ट, डोळे उघडे ठेवा. खाडीचा रंग बदलला, मासे मेलेले दिसले, मांजरे-पाखरे चमत्कारिक वागू लागली, तर तारीख, वार, जागा वहीत लिहून ठेवा. ग्रामपंचायतीत मांडा, प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा, पोच घ्या. मिनामाताच्या कोळ्यांनी पाहिले होते. लिहून घेणारे कुणी नव्हते. आणि कुणी आजारी पडला तर त्याला वाळीत टाकू नका. त्याच्या घराने जे खाल्ले तेच उद्या तुमच्या घरी शिजणार असते.

शेवटी दोन शब्द शिक्षक बंधुभगिनींना. हा धडा तुम्हाला अंगणात शिकवता येईल. सोळा मुलांना जवळा करा आणि प्रत्येकाच्या हाती एक चिंचोका आणि मूठभर ज्वारी द्या. चार मुले मांदेली. एकेका मांदेलीने चार जवळे ‘खायचे’. ज्वारी टोपलीत परत टाकायची, चिंचोका खिशात ठेवायचा. मग एक मुलगा सुरमई होऊन चारही मांदेल्या खाईल. शेवटी त्याचा खिसा रिकामा करायला सांगा. सोळा चिंचोके निघतील. मग मुलांना एवढेच विचारा, ‘आता ही सुरमई कुणी खाल्ली?’ उत्तर तुम्ही देऊ नका, त्यांनाच देऊ द्या.

आणि आपण सुरुवातीला विचारलेला प्रश्न? समुद्राचे पोट मोठे आहे, यात शंका नाही. पण जुन्या माणसांचे म्हणणेच खरे निघाले. दर्या काही ठेवून घेत नाही. त्याच्याकडून काय परत यावे, हे आपण त्याला काय देतो त्यावर ठरते.